पेल्याच्या बुडाची लाल खूण

माय, तुझं तोंड वाकडं झालं तेव्हा मी सातवीत होते. आता माझं झालंय. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळतो, उजवा डोळा मिटत नाय, आणि मला सारखी तूच दिसतेस. पैठणला मागावर बसलीयस, रेशमाचा एक धागा दोन दिसतो म्हणून एका डोळ्यावर पदर धरतेस नि विणतेस. सगळे म्हणाले, वारं लागलं. मग छातीच्या फोटोत गाठी दिसल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरात तुझा पेला वेगळा झाला.

मलाही इथं शहरात आधी टीबीच म्हणाले. मेंदूचा एमआरआय केला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, श्वासनळीत नळी घालून छातीतल्या गाठीचा तुकडा घेतला. आता म्हणतात, सारकॉइडोसिस. नाव घेतानाच जीभ अडखळते बघ. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच कारण नसताना गोळा होतात नि गाठी करतात म्हणे. माझ्या तर मेंदूच्या आवरणाला आणि चेहऱ्याच्या नसेलाही सूज आणलीय. "नक्की हेच ना?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, याची एकच अशी पक्की तपासणी नसते. टीबी नाही, कॅन्सर नाही, असं एकेक बाजूला काढत इथवर यावं लागतं." घ्या! नाय नाय म्हणत व्हय. "आणि दुसऱ्याला लागतं का?" "अजिबात नाही."

"घरात कुणाला असं झालं होतं?" त्यांनी विचारलं, तर मी पटकन "नाय" म्हणाले. का म्हणाले, माझं मलाच कळंना. पुढच्या खेपेला सगळं सांगितलं: तोंड, धागे, शेवटी आलेलं फेफरं. त्या म्हणाल्या, "हेही असेल, टीबीही असेल. जुने कागद आहेत का?" कुठले कागद, माय! तुझी लुगडीसुद्धा वाटून टाकली. म्हणजे आता कधीच कळणार नाय.

तुझ्या पेल्याच्या बुडाला कुणीतरी नखपॉलिशची लाल खूण केली होती. तू आजीवर आळ घेतलास. "ह्या म्हातारीला मी मेलेलीच पाह्यजे," म्हणालीस, नि मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी पिली नाहीस. आजी शपथा घेऊन थकली. काल माझी लेक माझ्याच पेल्यातलं पाणी घटाघटा प्यायला लागली. मी ओरडले, "ठेव आधी तो!" ती हसली, "अगं आई, लागत नाय ना हे?" मला रडूच फुटलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रडू येतं म्हणे, तसंही असंल.

हा कागद घडी करून औषधांच्या डब्यात ठेवते, दुसरं कुठं टाकू? खूण आजीनं नव्हती केली, माय. ती मी केली. नखपॉलिश माझी होती, नाथषष्ठीच्या जत्रेत तूच घेऊन दिलेली.