आत्याचा ओरडा, टाळ्यांसकट

ती. आत्यास,

भाचीचा हात जोडून नमस्कार. (हात ओले आहेत, भांडी घासून आलेय. कागदावर डाग पडले तर चिडू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? त्या छावणीत पाण्याच्या रांगेत अजून भांडतेस ना? भांडत असशील तर तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालते.

इथं बरं चाललंय. गरम पाणी आहे, खाटा आहेत, फक्त आम्हाला कुणी ओरडत नाही. लढाईतून पळून आलेली पोरं म्हणून सगळे आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. परवा मी खिडकीची काच फोडली, तर इथल्या वॉर्डनबाईंनी पाठीवरून हात फिरवला गं! अशानं माणूस बिघडतो. त्यात एरवी बस चालवणारे एक मास्तर (शिकवतातही तसंच, मध्येच करकचून थांबतात) दर शनिवारी आमच्याकडून कविता म्हणवून घेतात. हातात कागद घ्यायचा नाही, उभं राहून मनातलं बोलायचं.

काल आमचा कार्यक्रम झाला. मी चंद्रावरची कविता घोकली होती. पाळी आली आणि चंद्र जो गेला तो गेलाच. समोर बघते तर पोरं खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेली, कोपऱ्यात नळ वाहतोय. आणि माझ्या तोंडून तू बाहेर पडलीस! "पाय खाली घ्या आधी! नळ काय तुमचे आजोबा येऊन बंद करणार? घराची नुसती धर्मशाळा करून ठेवलीय!" पाय धडाधड खाली आले. नळ बंद करायला खुद्द वॉर्डनबाई धावल्या. मग आपण राहतो ती धर्मशाळाच आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि जो तो पोट धरून हसायला लागला.

तेवढ्यात आमच्यातला मुका उठला. (मुका नाही तो, इथं आल्यापासून बोललाच नव्हता.) अंथरुणावर ओला टॉवेल टाकल्याबद्दल आई जे ओरडायची, ते त्यानं तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. आई आता नाहीये त्याची. मग एकेक जण उठत गेला, सगळ्यांच्या घरचा ओरडा बाहेर आला. इतकं बरं मला इथं आल्यापासून वाटलं नव्हतं. मास्तर डोळे पुसत म्हणाले, हीच कविता. मला वाटत होतं, चंद्र लागतो.

तुझी लाडकी (असं तू कधी म्हणाली नाहीस, मीच ठरवलंय),
भाची

ता. क. तुला इकडे यायची परवानगी मिळाली आणि "मी म्हातारी तिथं येऊन काय करू" म्हणून तू नाही म्हणालीस, हे वॉर्डनबाईंकडून कळलं. तुझी मर्जी. मी आग्रह करणार नाही.

पुन्हा ता. क. पुढच्या कार्यक्रमाच्या फलकावर मास्तरांनी 'प्रमुख कवयित्री: आत्या' असं लिहिलंय. तू हो म्हणालीस, असं मीच सांगून टाकलं.

शेवटचं ता. क. इथं बरं चाललंय असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. शेजारची खाट तुझ्यासाठी अडवून ठेवलीय. तिच्यावर माझा ओला टॉवेल पडलाय, आणि तू येऊन ओरडेपर्यंत मी तो उचलणार नाही.