लेकीच्या घरचा डबा

आंधळगाव, शुक्रवार

प्रिय दामिनी,

हे पत्र गावातल्या कैलाशच्या हाती देते आहे. तो उद्या सकाळच्या पाळीला जवाहरनगरच्या कारखान्यात येईल तेव्हा तुमच्या क्वार्टरवर देऊन जाईल. फोन करता आला असता, पण सुकमायाचा विषय निघाला की तू "आत्या, तिचं नाव नको काढू" म्हणतेस आणि मग मलाही पुढे बोलता येत नाही. मला बोलायची सवय कमीच. लिहिताना निदान मध्ये कोणी तोडत नाही.

मी तुझ्या बाबांच्या घरात आहे. सोमवारी दादाला स्मशानात पोचवून मी संध्याकाळच्या बसने भंडाऱ्याला परत गेले होते. बुधवारी पुन्हा आले, तेव्हापासून इथेच आहे. त्याची खुर्ची अंगणात होती तशीच आहे. फौजेतले काळे बूट दाराशी आहेत, त्यांना पॉलिश केलेलं आहे. सत्तर ओलांडली, गुडघे गेले, तरी रविवारी पॉलिश चुकलं नाही त्याचं. शेजारून वीरेंद्रच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तुझा चुलतभाऊ आणि आपलं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. इकडचा चमचा पडला तरी तिकडे कळतो. हे तू लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुझी आई गेली तो दिवस मला या दोन दिवसांत फार आठवला. तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सगळे स्मशानातून परत आले, घरात जाळ नव्हता, दादा भिंतीला टेकून बसला होता. दिवे लागायच्या वेळेला तू डबा घेऊन आलीस. भात, वरण आणि त्यावर कडुलिंबाचा पाला. तू त्याला पहिला घास भरवलास, त्याच्या शेजारी बसून दोन घास खाल्लेस, आणि मग भाऊबंदांच्या घरून टोपल्या यायला लागल्या. लेकीच्या घरचा डबा आल्याशिवाय दुसरं कोणी काही आणत नाही, आणि घरात चूल पेटत नाही. आपल्यात असंच चालत आलं आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी दादाने सुकमायाला आणलं. पेन्शन झाल्यावर तो सिलीगुडीकडे चहाच्या बागेत पहारेकऱ्यांचा मुख्य म्हणून होता, ती तिथे स्वयंपाकाला होती. नेपाळची, विधवा, मूलबाळ नाही. साठीच्या माणसाने लग्न करावं हे मलाही आवडलं नव्हतं, ते तुला सांगायला नको. तू त्या दिवसापासून माहेरी आली नाहीस. मी येत राहिले, पण मी काय वेगळं केलं? बाया विहिरीवर हसायच्या, "फौजीले कॅन्टीनच्या कोट्यात भेटली वाटते," आणि मी पण खाली मान घालून हसले आहे. संक्रांतीचं वाण तिला कोणी आत बोलावून दिलं नाही, दारात उभी करून हातावर ठेवायचे. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांचा जोडीने सत्कार व्हायचा. इतरांच्या बायकांची ओटी भरली जायची. दादाचं नाव एकट्याचं घ्यायचे, आणि ती मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहून टाळ्या वाजवायची. एकदा दादा शाल तिथेच खुर्चीवर ठेवून निघून आला. ती परत गेली आणि शाल घडी करून घेऊन आली. म्हणाली, मास्तरला वाईट वाटेल.

तिची मराठी तोडकीमोडकीच राहिली, पण जे सांगितलं ते ती विसरत नसे. दादा म्हणायचा, हिच्यासारखा शिपाई मला कंपनीत भेटला नाही. तिला साखरेची बिमारी लागली तेव्हा तो गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने वार आणि वेळ लिहून द्यायचा. सकाळी ०७००, संध्याकाळी १९००. गोळी चुकली तर खरंच रागवायचा, म्हणून ती चुकू देत नव्हती.

आता एक गोष्ट सांगते, ती मी कोणाला सांगितलेली नाही. तुझी आजी, गोदावरीबाई, गेली तेव्हाची. त्या वेळी लेक मी होते, डबा माझा होता. मी भंडाऱ्याहून डबा घेऊन आले आणि पाहते तर सुकमायाने गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलेलं. बसलेल्या माणसांना काही तरी द्यावं एवढंच तिच्या मनात असेल. मी सगळ्यांसमोर ते भांडं उचललं आणि शेगडीवर ओतलं. तिच्या पायावर उडालं असावं, कारण तिने पाय मागे घेतला. मी म्हणाले, लेकीचा डबा आल्याशिवाय या घरात जाळ होत नाही. तिने हळूच विचारलं, "दीदी, गॅस भी नहीं?" मी म्हणाले, गॅसही नाही. भूक लागली तरी नाही, कोणी पाहत नसलं तरी नाही. तिने मान हलवली. तेरा वर्षांत मी तिला शिकवलेली ही एकच गोष्ट.

सोमवारी दादाला अग्नी दिल्यावर तू स्मशानातूनच गाडीत बसलीस. मी तुला पाहत होते. मला वाटलं तू डबा आणायला जाते आहेस. खरं सांगायचं तर मला तसं वाटलं नव्हतं, मी तसं वाटून घेतलं. मग मीही निघाले. माझ्या मालकांची तब्येत बरी नाही, हे कारण सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण थांबले असते तर त्या घरात तिच्यासोबत एकटीला बसावं लागलं असतं. ते मला नको होतं.

मंगळवारी दुपारी मी वीरेंद्रच्या बायकोला, रुपाला फोन केला, सुकमायाला खायला दिलं ना काही? रुपा म्हणाली, "आमी पाहून राहिलो ना आत्या, तुमी कायले टेन्शन घेता?" हे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग सुकमायाला लावला. तिचा आवाज बारीक येत होता. म्हणाली, "दीदी, दामिनी बेटी अजून नाही आली. मी गॅस नाही पेटवला." मी म्हणाले, येईल, थांब. एवढं बोलून मी फोन ठेवला. मी स्वतः डबा घेऊन निघू शकत होते. तासाभराचा रस्ता आहे. पण डबा लेकीचा लागतो, बहिणीचा चालत नाही, असं मी मनाला सांगितलं. ते माझ्या सोयीचं होतं.

बुधवारी सकाळी राख सावडायला जाणारी माणसं पितळेचा लोटा मागायला घरी आली. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. कैलाशने कडी उचकून दार उघडलं. ती शेगडीसमोर भिंतीला टेकून बसली होती. श्वास होता. अंग घामाने भिजलेलं होतं. मोहाडीच्या वाटेवर, गाडीतच गेली.

वीरेंद्रने तुला सांगितलं की शुगर वाढून गेली. वाढली नव्हती, दामिनी, उतरली होती. मोहाडीला पोचताच डॉक्टरीणबाईने बोटातलं रक्त घेतलं तर मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं 'लो' आलं. त्या मला म्हणाल्या, ही गोळी घेऊन माणूस उपाशी राहिलं तर असंच होतं, यांनी गोळी घेतली का? मी घरी येऊन पाकीट पाहिलं. सोमवार संध्याकाळ, मंगळवार सकाळ, मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ. दादाच्या अक्षरासमोरच्या चारही जागा रिकाम्या होत्या, गोळ्या घेतलेल्या. डब्यात तांदूळ होते, साखर होती, टोपलीत केळी काळी पडली होती. तिने दादाचं ऐकलं आणि माझंही ऐकलं.

रुपा रडली. म्हणाली, "आमाले वाटलं नेपालची हाय, तिले कायचं आपलं सुतक? घेतलं असल शिजवून. अन् लेकीच्या आधी आमी कसे आणनार होतो?" भिंतीपलीकडे दोन दिवस भांडं वाजलं नाही, तरी ती खोटं बोलत नाही. इथे कोणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाकडे काही ना काही बरोबर आहे.

गावात आता दुसरंच सुरू झालं आहे. म्हणतात, जाताना फौजी तिला घेऊन गेला, आता ती कोणाला नेईल. लेकरांना या बाजूला येऊ देत नाहीत. काल संध्याकाळी पाहिलं तर कोणी तरी दारासमोर हळद-कुंकू लावलेलं लिंबू ठेवून गेलं होतं. इतक्या वर्षांत तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, ते आता दारात आलं. भाऊबंदांच्या बैठकीत ठरलं की तिचं सुतक आपल्याला लागत नाही. खांदा द्यायला कैलाश आणि त्याच्या कारखान्यातले तिघं आले. वीरेंद्र म्हणाला, मी काकाचा विस्तव धरला आहे, तिचा धरणार नाही. म्हणून अग्नी मी दिला. बाईने द्यावा की नाही हे मी कोणाला विचारलं नाही, आणि कोणी अडवायलाही आलं नाही.

काल तिला पोचवून आल्यापासून मी इथे सुतक धरून बसले आहे. गॅस पेटवलेला नाही. पाणी पिते, तेव्हा घाबरू नकोस. वीरेंद्र दोनदा दारात येऊन गेला. उंबरा ओलांडत नाही. "आत्या, लोकं पाहून राहिले, उठ आता, आमच्या घरी जेव." मी म्हणाले, डबा आल्यावर. तेव्हापासून तो आला नाही. रुपा अंगणाच्या भिंतीवरून एकदा डोकावली आणि खाली बसली.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. तो देण्याचा माझा हक्क त्या आधणासोबत गेला. तेरा वर्षांत मी तिला एकदाही वहिनी म्हटलं नाही, आणि आता म्हणून काही उपयोग नाही, तरी लिहिते. वहिनी बसली होती तिथे तिच्यासमोर दोन ताटं घासून पुसून मांडलेली होती. मी आधी दुसरं दादाचं समजले, नैवेद्याचं. दादाचं ताट वेगळं आहे, फौजेतलं, खाचांचं. ते कोनाड्यातच होतं. मग लक्षात आलं की डबा आणणारी लेक शेजारी बसून जेवते. हे तिने आजीच्या वेळी पाहिलं होतं. ते ताट तुझं होतं. मी ती दोन्ही ताटं उचललेली नाहीत. तू ये. जास्त काही करू नकोस, भात-वरण आण, आणि अंगणातल्या कडुलिंबाचा पाला मी काढून ठेवते. तू येईपर्यंत इथे कोणी काही आणणार नाही, आणि मी चूल पेटवणार नाही.

तुझीच,
चंद्रकांता आत्या