अठरा सीटचं विमान आणि मुंबईची युनियन

उजळाईवाडी, कोल्हापूर
१९ जानेवारी २००५

तीर्थरूप भाऊसोमामांना बाहुबलीचा जय जिनेंद्र.

तुमच्या गुडघ्यांना आणि मामींच्या रागाला उतार पडला असेल, अशी आशा आहे.

तुम्ही कबनूरला मागावरच्या कामगारांची युनियन तीस वर्षं चालवलीत, म्हणून तुम्हालाच सांगतो: मला युनियन पटली नाही. मी चालवतो ते विमान अठरा सीटचं (केरबा मेकॅनिक त्याला वडापची जीप म्हणतो). गेल्या आठवड्यात मुंबईत धुकं पडलं, सकाळची फेरी दुपारी कोल्हापुरात पोचली आणि परत निघायच्या आधीच माझे ड्युटीचे तास संपले. नियमाप्रमाणे मी खाली उतरलो. प्रवाशांत मुलीची सोयरीक ठरवायला निघालेले हंबीरराव होते. ते गरजले, "पावणं, एस्टीचा ड्रायव्हर डबल ड्युटी करतोय की! तुम्ही तर नुसतं बसूनच हायसा!" मी म्हटलं, "काका, डुलकी लागली तर एस्टी बांधावर थांबंल. वर बांध न्हाय." त्यांना पटलं. कंपनीला पटलं नाही. फेरी रद्द केल्याबद्दल मला निलंबित केलं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या सुनेनं, भाग्यश्रीनं, मला दळण आणायला पाठवलं. (युनिफॉर्म घालून जाऊ का, असं विचारलं, तर डबाच हातात दिला.) मामा, मी मनातून हादरलो होतो. चाळिशी आली, विमानाशिवाय दुसरं काही येत नाही. शेवटी वैमानिकांच्या मुंबईच्या युनियनला फोन केला. तिथले सेक्रेटरी मोठ्या जेटचे कॅप्टन. त्यांनी आधी कोल्हापूरला धावपट्टी आहे का, ते विचारलं. पण गडी शब्दाचा पक्का. नियमांचं पुस्तक घेऊन मॅनेजरसमोर चार तास ठाण मांडून बसले आणि सोमवारी मी परत कामावर! निरोप आला तेव्हा मी पिठाच्या गिरणीच्या रांगेत होतो, तिथंच रडलो.

मग युनियननं कंपनीशी केलेल्या कराराचा कागद वाचला. कंपनीची नवी मोठी विमानं आधी मुंबईच्या वैमानिकांना. आम्ही छोट्या विमानवाले यादीत तळाला, काल लागलेल्या पोरांच्याही खाली. जाब विचारला, तर सेक्रेटरी म्हणाले, "नोकरी वाचली ना?" वाचली, म्हणून तर धड भांडताही येईना. युनियनच्या सभासदत्वाचा राजीनामा पाठवून दिला. यापुढे युनियनचं नाव काढणार नाही.

मामींना नमस्कार.

आपला,
बाहुबली

ता. क. – आम्ही छोट्या विमानाच्या नऊ वैमानिकांनी काल स्वतःची युनियन काढली. अध्यक्ष मी. पण घोषणा द्यायला गेलो की 'कृपया पट्टे बांधावेत' असाच सूर लागतो. रविवारी येऊन शिकवाल का? मला सुट्टी आहे.

आणखी एक – शनिवारीच या. युनियनकडं पहिलं निवेदन आलंय, आठ सह्यांचं: ड्युटीचा तक्ता लावणारे कॅप्टन बाहुबली दर रविवारची सुट्टी स्वतःच घेतात, याचा निषेध.