नऊ चिपांच्या पट्ट्या

प्रिय मिनल,

तर मी काय मुद्दाम भंगार उचलून आणलं होतं का? परवा फोनवर पुन्हा तेच काढलंस, "लोकांचे नवरे पगार आणतात, आमचे हिरव्या पट्ट्या आणतात." आई शेजारी बसून हसत होती, तेही मला इकडे ऐकू आलं. तिच्यासमोर मला बोलता येत नाही आणि तुला फोन ठेवायची घाई असते, म्हणून लिहितोय. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

चाकणची कंपनी सोडली, त्याचा तुझा राग अजून गेलेला नाही. पण आठ-आठ तास एकाच जागी उभं राहून तोच नट आवळायचा, ते माझ्याच्यानं होत नव्हतं. आता पिंपळे सौदागरला रोहिदासभाऊंच्या गाळ्यात जुने कॉम्प्युटर खोलतो, तर ते तुला कामच वाटत नाही. भाऊ इथलेच मूळचे, गाळा आहे तिथं पूर्वी त्यांच्या म्हशी बांधलेल्या असायच्या. मागच्या वर्षी शिमग्याला त्यांचे पैसे अडकले, दोन महिने पगार नाही. मग म्हणाले, "सुजित, रोख न्हाई आत्ता. ह्या रॅमच्या पट्ट्या घे पगारात, माल चोख हाय." रॅम म्हणजे कॉम्प्युटरला काम करताना जेवढं ध्यानात ठेवावं लागतं, ते ठेवायची जागा. वीतभर हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा. जुनी ती डीडीआर थ्री, मधली फोर, नवी फाइव्ह, आणि एकीच्या जागी दुसरी बसतच नाही, खाच वेगळी. मला मिळाल्या फोर. चौदाशेला एक, अशा वीस घेतल्या आणि खुशीत तुला फोन केला.

पहिलं गिऱ्हाईक आलं, पट्टी खाचेत नीट बसली, पण कॉम्प्युटर सुरूच होईना. दुसरी लावली, तिसरी लावली. शेजारच्या गाळ्यातला भीमराज चहा पीत बघत होता. म्हणाला, "भावा, चिपा मोजल्या का घेताना? साधीवर एका अंगाला आठ असतात, हिच्यावर नऊ. ही सर्व्हरची, कंपनीतल्या मोठ्या मशीनची. घरच्या कॉम्प्युटरला लाव नाहीतर आरतीत वाजव, एकच." भाऊंनाही ते ठाऊक नव्हतं, बिचारे तोंड लपवत होते. सहाशेला देतो म्हटलं तरी कुणी घेईना. पट्ट्यांच्या त्या डब्यासकट गावी आलो तेव्हा तू जे बोललीस ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

त्याच वेळी आईच्या पायाची जखम चिघळलेली होती. तू रोज सकाळी गरम पाणी, कापूस, पट्टी घेऊन बसायचीस आणि आई ओरडली तरी तुझा हात हलायचा नाही. दवाखान्यातल्या शिस्टर म्हणाल्या, तू ह्या लाइनीत यायला हवी होतीस. तू नुसती हसलीस आणि भाकरी टाकायला उठलीस. मी ओट्यावर बसून ते बघितलं होतं. माझ्याकडे तेव्हा त्या डब्याशिवाय काही नव्हतं.

दिवाळीनंतर बाजार फिरला. ते एआयवाले मोठमोठे कारखान्याएवढे हॉल भरून मशिनी लावतायत, चिपा बनवणारे सगळे तिकडेच माल द्यायला लागले आणि जुन्या जातीचा माल बनवणं कमी केलं. सकाळी व्हॉट्सअॅपवर भाव येतो, दुपारी म्हणतात तो धरू नका. मारुंजीची आयटीची पोरं नव्या डीडीआर फाइव्हचा भाव ऐकून नुसती मान हलवत परत जातात. नवी मोठी मशीन परवडेना म्हणून लहान कंपन्या जुन्यावरच भागवू लागल्या, आणि माझ्या नऊ चिपांना गिऱ्हाईक आलं. आधी दोन हजार, मग तीन. भीमराजच विकत मागायला लागला. गेल्या मंगळवारी साडेचार झाले आणि मी वीसच्या वीस देऊन टाकल्या. भाऊ डोक्याला हात लावून म्हणाले, "दम न्हाई रं तुझ्यात, सहा झालं असतं." झाले असते, किंवा उतरलेही असते. पण महिनाअखेर कुणासाठी थांबणार नव्हती.

महिनाअखेर कशाची, ते आता सांगतो. सुट्टीच्या दिवशी आकुर्डीत एका नर्सिंग कॉलेजला गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, उमेदवार कोण, बारावीला किती? मी म्हटलं, बायको, एकाहत्तर टक्के, सायन्स. असं बोललो जणू मलाच पडले होते. त्या म्हणाल्या, प्रवेश महिनाअखेरपर्यंत, पण तिनं स्वतः कागद घेऊन यायला हवं. मारुंजीत शालनबाई म्हणून घरमालकीण आहेत, त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्यानं घेतलंय, अकरा महिन्यांचा करार केलाय. पट्ट्यांच्या नव्वद हजारांतले वीस तिथं गेले. आईला विचारलंय. ती म्हणाली, पाय आता बरा आहे, पोरीला पाठवते, पण सणाला परत आणायची. तू ये असं मी लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. नाही आलीस तरी पैसे तुझेच. इतकी वर्षं मी पाठवायचो ते वडिलांच्या, अण्णांच्या खात्यावर. या वेळी पहिल्यांदा तुझ्या स्वतःच्या खात्यावर टाकतोय, सत्तर हजार रुपये.

तुझाच,
सुजित