मी बसले नाही

प्रिय ॲव्हरिल,

दर रविवारी फोनवर बोलतो आपण, मग मम्मीला कागद घेऊन बसायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर हे मला जमलं नाही. गेल्या महिन्यात दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा शेवटी तुला पुण्यातल्या पाण्याच्या टँकरबद्दलच विचारलं. म्हणून लिहितेय. जेनेट उद्या वसईला निघालीय, तिच्याकडे देते. ती तिथून तुला कुरियर करील.

आधी बातमी. मला बौशरच्या प्रार्थनेच्या ग्रूपमधून काढून टाकलंय. माझ्याशी कुणी बोलायचं नाही, माझ्या हातचं खायचं नाही, असा ब्रदर ब्रेंडनचा हुकूम निघालाय. बारा वर्षं त्या व्हिलाच्या हॉलमध्ये मी दर शुक्रवारी पहिल्या रांगेत बसले, चार वर्षं ‘बहिणींची प्रमुख’ होते. पश्चात्तापपत्र म्हणून एक छापील कागदही त्यांनी सही करायला पाठवला. त्यात मी सुके बोंबील गुंडाळून ठेवलेत. तू हसत असशील तर हस. मीही हसले, आणि हसताना लक्षात आलं की त्या घरात मोठ्याने हसायलाही आपण घाबरायचो.

झालं ते जेनेटवरून. ही जेनेट आपल्या निर्मळची, सत्तावीस वर्षांची, बेकरीच्या काउंटरवर कामाला. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. ब्रदर म्हणाले, त्या लग्नात बँड आहे, वाइन आहे, नाच आहे, विश्वासणाऱ्या बाईने तिथे पाऊल टाकायचं नाही. तिचा नवरा अ‍ॅलन लगेच ‘आमेन’ म्हणाला. पोरीने गुपचूप तिकीट काढलं. ते कळल्यावर शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर ब्रदरनी तिला पुढे बोलावलं, साठ माणसांसमोर उभं केलं, आणि मला म्हणाले, “सिस्टर इरीन, हिचा फोन आणून माझ्याकडे द्या. ही कुणाकुणाशी बोलते ते मंडळीला कळू दे.”

जेनेटने फोन छातीशी धरला होता. मी उठले. सगळ्यांना वाटलं, फोन घ्यायला उठले. मलासुद्धा क्षणभर तसंच वाटलं, इतकी सवय झालेली. पण तोंडातून निघालं, “ब्रदर, तिचा फोन तिच्याकडेच राहील.”

“बसा, सिस्टर.”

मी बसले नाही. त्यांनी आज्ञाभंगावर बोलायला सुरुवात केली. देवाने नेमलेल्या माणसाला विरोध म्हणजे देवालाच विरोध, तेच सगळं. मी उभीच. मग त्यांनी नेहमीचं अस्त्र काढलं. म्हणाले, या आखाती देशात घरात प्रार्थना चालते हे बाहेर कुणाला कळलं तर सगळ्यांचे व्हिसे जातील, एका बाईच्या हट्टापायी साठ माणसं देशोधडीला लागतील. तेव्हा माझा आवाज चढला. मी म्हणाले, “हे ऐकून ऐकून मी बारा वर्षं गप्प बसले. मी कुणाला सांगायला जाणार नाहीय. पण त्या भीतीला देवाचं नाव देऊ नका. येशूने कुठल्या बाईला चारचौघांत उभं करून तिच्या वस्तू तपासल्या, ते मला दाखवा.”  मी जेनेटचा हात धरला आणि आम्ही दोघी चपला घालून बाहेर पडलो. गाडीत बसवून मी तिला थेट आपल्या घरी आणलं.

संध्याकाळी अ‍ॅलन तिला न्यायला आला. पप्पा खाली जिन्यातच त्याला आडवे गेले. म्हणाले, “ती आमच्याकडे पाहुणी आहे. तिला यायचं असेल तेव्हा ती येईल. खलास.” पप्पा एरवी किती कमी बोलतात, तुला माहीत आहे. अ‍ॅलनने वर बघून दोन-तीन हाका मारल्या आणि गेला. त्यानंतर आठवडाभर जेनेट तुझ्या खोलीत झोपतेय. रात्री दाराला आतून कडी लावते आणि सकाळी त्याबद्दल माझी माफी मागते.

तिला तिथे बघते आणि तू सोळा वर्षांची दिसतेस. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तू शेजारच्या वसुंधराच्या आकांक्षाबरोबर कोळी नृत्य केलंस. ब्रदरपर्यंत बातमी पोचली. त्याआधीच मी वसुंधराने पाठवलेला दिवाळीचा फराळ, डबा न उघडता कचऱ्यात टाकला होता, तुझ्या डोळ्यांदेखत. चकल्या होत्या त्यात, तुला आवडायच्या. मी अशी कशी झाले, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझ्यानंतरचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा पप्पा निझवाच्या साइटवर अडकलेले आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. त्या दिवसांत ग्रूपच्या बायका महिनाभर डबे घेऊन आल्या. एक नियम पाळला की दुसरा पाळायला सोपा जातो. केस कापायचे नाहीत, टीव्ही नाही, रुवीच्या चर्चमध्ये मिस्साला जायचं नाही, आणि प्रत्येक वेळी मनातली भीती थोडी कमी झाल्यासारखी वाटायची. हे कारण सांगतेय. सबब म्हणून पुढे करत नाहीय.

मग तो शुक्रवार. तुला पुढे उभं केलं आणि ब्रदरनी तुझी निळी वही उघडली. झैनबद्दल तू लिहिलेलं त्यांनी वाचलं, मोठ्याने, थांबून थांबून. वर्गातल्या मुलाबरोबर कँटीनमध्ये सामोसा खाल्ला, एवढंच होतं ते. पण त्यांच्या आवाजात ते काय झालं! पन्नास मिनिटं. मी पहिल्या रांगेत होते, मान खाली घालून. त्याच्या पुढच्याच पानावर तू लिहिलं होतंस की मला देव आवडतो, पण ब्रदरच्या देवाची भीती वाटते. तेवढं वाक्य त्यांनी वाचलं नाही.

ते वाक्य मला माहीत आहे, ॲव्हरिल, कारण मी ते आदल्या दिवशीच वाचलं होतं.

ब्रदर तुला म्हणाले, “तुझ्या घरच्या कर्त्याने, तुझ्या बापाने, आपलं कर्तव्य म्हणून ही वही माझ्या हवाली केली.” बापाचा अधिकार मोठा, म्हणून बापाचं नाव. मी मान वर केली नाही. पप्पा दोन दिवसांनी निझवाहून आले आणि तू त्यांच्यावर ओरडलीस, मी तुमचं तोंड बघणार नाही म्हणालीस. त्यांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. रात्री मी त्यांना म्हटलं, उद्या सांगते तिला. ते म्हणाले, “नको. बापाशी तुटलं तर आई तरी राहील. दोघांशी तुटलं तर पोरगी कुणाला हाक मारणार?” आणि मी त्यांचं ऐकलं. नवऱ्याची आज्ञा पाळायची, हा नियम त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला.

तुझी वही गादीखालून मी काढली. ब्रदरच्या हातात मी दिली. पप्पांनी ती कधी पाहिलीही नाही. आठ वर्षं तू मला फोन करतेस आणि पप्पांनी फोन घेतला की कट करतेस, आणि ते मला सांगतात, “रेंज गेली असेल.”

मी माफी मागते. त्या हॉलमध्ये शिकवायचे की माफी मागितली की समोरच्याने ती दिलीच पाहिजे, नाही तर पाप त्याच्या माथी. तुला उभं करून त्यांनी तुझ्याकडून ब्रदरना ‘थँक यू’ म्हणवून घेतलं होतं, आठवतं? तो नियम मी तुझ्यावर लावणार नाही. तू मला माफ केलं नाहीस तरी तुझ्या माथी काही येत नाही. रविवारी फोन केला नाहीस तरी नाही. रुवीच्या चर्चमध्ये मी परत जायला लागलेय. फादरना हे सगळं सांगितलंय. ग्रूपमधल्या तीन बायका हुकूम मोडून माझ्याकडे चहाला येऊन गेल्या, त्यांनाही सांगितलं, वहीसकट. ब्रदरनी मला निरोप पाठवलाय की घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नका. मी उलट निरोप धाडला की चव्हाट्यावर आणायला मला तुम्हीच शिकवलंत, फक्त या वेळी माझी स्वतःची गोष्ट आणतेय.

आता हे आजच का लिहिलं ते. पप्पांना कंपनी कामावरून कमी करतेय. सव्वीस वर्षांनी व्हिसा रद्द होऊन ते वीस तारखेला कायमचे निघतायत. माझं हॉटेलच्या लाँड्रीतलं काँट्रॅक्ट जूनपर्यंत आहे, मी मागून येईन. परवा त्यांनी माझ्याकडे तुझ्या ऑफिसचा पत्ता मागितला. म्हणाले, “मुंबईहून आधी पुण्याला जातो. तिला सांगू नकोस, तिला त्रास नको. सुटायच्या वेळेला समोरच्या फुटपाथवर उभा राहीन, एकदा बघीन आणि वसईची गाडी पकडीन.” मी पत्ता दिला. बावीस तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते तिथे असतील, करड्या शर्टात. केस आता पूर्ण पांढरे झालेत, कदाचित पटकन ओळखणार नाहीस. रस्ता ओलांडायचा की नाही ते तू ठरव, त्यात मी पडणार नाही. पण खरं काय ते माहीत असून ठरव. त्यांनी काहीही केलेलं नाही, ॲव्हरिल. त्यांनी फक्त तुला आई उरावी म्हणून बाप असणं सोडलं.

तुझीच,
मम्मी