ग्रंथाच्या आसनावरून वाचलेला पत्ता

करमाड,
दि. २१ ऑगस्ट २०२५

प्रिय रत्नमाला,

सप्रेम जय भीम. कस्तुरामावशींना आणि त्रिंबककाकांना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर. इकडे मका डोक्याइतका वाढलाय. बाबांना शेंद्र्याला एका बांधकामावर काम मिळालंय. आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक आहे.

तुझा फोन त्या दिवशी फुटला आणि नवा नंबर मला कोणी देत नाही, म्हणून पत्र लिहिते. वसतिगृहात तू म्हणायचीस, "रूपे, तू अर्ज लई भारी लिहितीस, पण उद्या नवऱ्याला पत्र लिहिलंस तरी खाली 'आपली विश्वासू' लिहिशील." खरंच तसं होतंय. तीन कागद फाडून झाले.

तुझ्या हाताबद्दल वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं. मनगटात स्टीलची पट्टी बसवली, दोन बोटं अजून वळत नाहीत. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी दोनदा वॉर्डापर्यंत आले होते. दोन्ही वेळा तुझी आई, कस्तुरामावशी, दाराशी बसलेल्या होत्या. मी जिन्यातूनच परतले.

आधी आईचा निरोप लिहिते, कारण तो पोचवायचं मी कबूल केलंय. आई म्हणते, "तिला म्हणावं, बाई, तू आमची लेकच. आकाशचं नाव घेऊ नको. मोनिकाला सातवा महिना लागलाय." पहिल्या जबाबात तू 'अनोळखी माणसं होती' असं सांगितलंस. तेव्हापासून आमच्या घरात तुझं नाव फार आदरानं घेतात. सोमवारी पोलीस पुरवणी जबाब घ्यायला वैजापूरला तुझ्याकडे येणार आहेत, हे घरी कळलंय. तेव्हाही तू तेच सांगावंस, एवढंच आईचं म्हणणं.

निरोप संपला. आता माझं.

मोनिका वहिनी तुला आठवत असेल. आमच्या आकाशच्या लग्नात, तिच्या हळदीत सगळ्यात जास्त तू नाचली होतीस. जूनमध्ये तिला एक ईमेल आला. घरबसल्या टायपिंग, कॉम्प्युटर नको, मोबाईल पुरे. तसले ईमेल मला रोज येतात, मी न वाचता काढून टाकते. पण मोनिकाला आपल्याला कोणी ईमेल पाठवतं याचंच कौतुक होतं. आठ दिवस ती चुलीपुढं बसून टाईप करत राहिली. नवव्या दिवशी कळवलं की चुका जास्त झाल्या, करार मोडला, दंड भरा नाहीतर कोर्टात उभं राहा. मग फोन सुरू झाले. दिवसाला वीस-वीस. बोलणारी बाई स्वतःला वकील मॅडम म्हणवायची.

पुढं टपालानं नोटीस आली, ती नेमकी आकाशच्या हातात पडली. त्यानं मोनिकाला चुलीजवळच मारलं. आधी पट्ट्यानं, मग कानाखाली. मी मधे गेले तर माझा हात पिरगाळून मला भिंतीवर ढकललं. सकाळी तिच्या उशीवर रक्त वाळलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही.

तेव्हा मी ठरवलं की या ईमेलमागं कोण आहे ते शोधायचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. एवढंही जमणार नसेल तर शिकून काय केलं? नोटिशीवर पत्ता सुरतचा होता, पण पाकिटावरचा टपालाचा शिक्का आपल्याच सिडकोतल्या पोस्टाचा होता. सायबर पोलिसांकडं अर्ज दिला, त्याची पोच घेतली. आणि शाळेतल्या नोकरीवर रजा टाकून तीन दिवस त्या पोस्टासमोर उभी राहिले, दहा ते एक. तिसऱ्या दिवशी तसल्याच पाकिटांचा गठ्ठा घेऊन कोणीतरी आलं. मी मागं मागं गेले. दोन गल्ल्या सोडून एक जिम, तिच्या वर तिसऱ्या मजल्यावर बिनपाटीचं ऑफिस. पत्ता लिहून घेतला.

घरी आणि वस्तीत मी एवढंच सांगितलं. कोणाच्या मागं गेले ते सांगितलं नाही.

ती तू होतीस. तुझी चाल मला पाठीमागूनही ओळखू येते, रत्ने. तीन वर्षं एका खोलीत राहिलो आपण. मी हाक मारली असती तर तू थांबली असतीस, आणि मग मला तुझं ऐकून घ्यावं लागलं असतं. मला ऐकायचं नव्हतं. मला गुन्हेगार हवा होता आणि तो मला सापडला होता.

आमच्याकडं वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, हे तुला माहीत आहे. यंदा वाचायचा मान मला दिला. करमाडात मुलीला पहिल्यांदाच. पांढरं कापड घातलेलं छोटं मेज, पुढं सगळी वस्ती हात जोडून बसलेली. त्या आसनावरून जे वाचलं जातं त्यावर कोणी शंका काढत नाही, खोकायचं असेल तरी बाहेर जाऊन खोकतात. गावातल्या सूचना सांगायच्या असतील तर राजकुमारदादा दाराशी उभं राहून सांगतात. तशी रीतच आहे, आसन वेगळं आणि सूचना वेगळी.

त्या रविवारी अध्याय संपला आणि मी उठलेच नाही. आसनावरूनच नोटीस वाचली, ऑफिसचा पत्ता वाचला. चंपाबाईंनी विचारलं, "अन् पोरीच्या कानाचं काय झालं?" आकाश पहिल्या रांगेत बसला होता. माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "या लोकांमुळं झालं."

मग सवयीनं सगळ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, साधू, साधू, साधू.

सोमवारी सकाळी पिकअपमध्ये अकरा माणसं बसली. मी निवेदनाच्या तीन प्रती टाईप करून आणल्या होत्या. माझ्या डोक्यात असं होतं की निवेदन द्यायचं, मालकाचं नाव लिहून घ्यायचं, पोलिसांना बोलवायचं. राजकुमारदादा म्हणाले, "ताई, तुमचं निवेदन तुम्ही द्या, आमचं आम्ही देतो." सगळे हसले. सीटखाली टॉमी होती, चाक काढायची लोखंडी. ती मी पाहिली होती. मीही हसले.

वर काय झालं ते तुला माहीत आहे. पण दारातून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. पहिल्या लाथेत दार उघडलं. मालक, तो इंद्रजीत, मागच्या जिन्यानं पळाला. कोणी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सहा मुली कानाला हेडफोन लावून भिंतीला चिकटल्या. कॉम्प्युटर खाली आले, काचा फुटल्या, एका मुलीचा पाय काचेवर पडला आणि ती रांगत टेबलाखाली गेली. आकाश ओरडत होता, वकील मॅडम कोण? तेवढ्यात तुला मी दिसले. तू पुढं आलीस.

"रूपे, बरं झालं आलीस."

आकाशनं माझ्याकडं वळून विचारलं, "हीच का ती?"

मी मान हलवली.

त्यानं तुझे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोनदा. तुझा दात माझ्या पायाशी येऊन पडला. तू टेबल धरायला हात टाकलास आणि त्या हातावर त्यानं टॉमी मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दुसऱ्या दोघांनी लाथा घातल्या, पोटात, पाठीत. मी ओरडले असं मी सगळ्यांना सांगितलंय. मी ओरडले नाही. निवेदनाच्या प्रती चुरगळू नयेत म्हणून त्या छातीशी धरून उभी होते. तू माझ्याकडं बघत होतीस, पण माझं नाव तू पुन्हा घेतलं नाहीस. पोलिसांपुढंही घेतलं नाहीस.

तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मला नंतर भेटली. तिनं सांगितलं की मार्चमध्ये तुलाही तोच ईमेल आला होता. तुलाही नोटीस आली. इंद्रजीतनं तुला सांगितलं, कोर्टात जा, नाहीतर इथं येऊन बस आणि तू जे ऐकलंस ते दुसऱ्यांना ऐकव. घरी कळू नये म्हणून तू बसलीस. यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं, आणि एका हाकेत ते कळलं असतं.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. मोनिकाला तू रडवलंस. एकदा ती तुला म्हणाली की ताई, मी पोटुशी आहे, आणि तू म्हणालीस, जेलमध्येही बाळंतपण होतं. ते मी स्पीकरवर ऐकलं होतं, पण त्या दरडावलेल्या आवाजात तू मला ओळखू आली नाहीस. ते वाक्य तुझ्या तोंडात कोणी घातलं हे आता मला माहीत आहे, तरी ते विसरता येत नाही. पण त्यासाठी अर्ज होता, पोलीस होते. मी मान हलवली त्याला काही कारण नाही.

परवा मला पुन्हा ईमेल आला. कंपनीचं नाव वेगळं, बाकी मजकूर तोच. इंद्रजीत जामिनावर बाहेर आहे. मी तो ईमेल तपास अधिकाऱ्यांना दिला. द्यायला गेले होते तेव्हाच, म्हणजे काल, माझा जबाबही दिला. आकाशचं नाव सांगितलं, राजकुमारदादांचं, बाकीच्यांचं. पिकअपचा नंबर सांगितला. मान हलवल्याचंही सांगितलं. मोनिका माझ्याबरोबर आली होती. मी तिला बोलावलं नव्हतं. हवालदार लिहायला लागले तेव्हा ती उजवा कान पुढं करून बसली आणि म्हणाली, "आधी माझा कान लिवा. त्यो नवऱ्यानं फोडला. मंग बाकीचं."

काल दुपारी पोलिसांनी आकाशला तो कामाला जातो त्या कंपनीच्या गेटवरून उचललं. आईचा निरोप त्याच्या आदल्या दिवशीचा आहे. कालपासून आई माझ्याशी बोललेली नाही. भाकरी माझ्या वाटची थापते आणि झाकून ठेवते. बाबा एकदाच बोलले. "तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी व्हय?" विहारात आता वाचन दुसरं कोणीतरी करतं.

वकील म्हणतात, फिर्यादीच जर 'अनोळखी माणसं' म्हणत राहिली, तर नुसत्या बहिणीच्या बोलण्यावर खटला उभा राहायचा नाही. घरी सगळे त्याच आशेवर आहेत. मला उद्या या घरात राहायचं असेल तर मीही त्याच आशेवर असायला हवं.

तू मला कशासाठी वाचवलंस ते मी विचारणार नाही. आता नको वाचवू. येत्या सोमवारी पोलिसांना जे खरं घडलं ते सांग. आकाशनं मारलं ते सांग, पण त्याच्या आधी मला विचारलं गेलं आणि मी हो म्हटलं, तिथून सुरुवात कर. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

हाताला जप. जबाबात पूर्ण नाव लागतं, म्हणून खाली पूर्ण लिहिते.

रूपा पुंडलिक हिवराळे,
वय २३, रा. करमाड