परत न आलेली टाळी

प्रिय भिंगरी,

परवाच्या एका दिवसाची खरी किंमत सांगतो. पायाच्या अंगठ्यांची दोन नखं, उजवा गुडघा आणि दुकानाला बावीस वर्षांत पहिल्यांदाच आजारपणाशिवाय लागलेलं कुलूप. बुटांचे पैसे धरत नाही, ते घासाघीस करून घेतले. तुझा बाप तुझ्या डोंगरावर जाऊन आला. दुकानात शिखराचं वर्णन असं रंगवलं, की जुन्या फिटरने उठून हात मिळवला.

तुझ्या आईला म्हटलं होतं, जुने पंप बघायला जातोय. तिने काही न विचारता डब्याशेजारी लोकरीची टोपी ठेवली, तेव्हाच समजलो की पकडलो गेलोय. वाट दाखवायला तुझ्यासोबत लोकांना डोंगरावर नेणारी ती चष्मेवाली पोरगी होती. तिने मला ओळखलं नाही, मीही सांगितलं नाही. पानगळ सरत आलेली, पायाखाली ओली पानं. दहाच्या सुमारास धुकं असं उतरलं, की पुढच्या माणसाची नुसती पिशवी चालताना दिसे, माणूस नाही. थंडीने माझ्यासारख्या बडबड्याचीही दातखीळ बसली.

मग तिने सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, आता तोंडं बंद, फक्त कान. डावीकडे वळून एक टाळी वाजवली. ती लगेच परत आली, म्हणजे तिकडे कातळ. मग उजवीकडे वाजवली. माझे कान तुला ठाऊक आहेत, तीन घरं पलीकडच्या पंपाचं बेअरिंग गेलेलं मला जेवताना कळतं. पण ही टाळी गेली ती गेलीच. श्वास रोखून वाट पाहिली. काही नाही. तेवढ्यात वाऱ्याने धुकं फाटलं. दोन पावलांवर जमीन संपत होती. खाली ढग, त्यांच्याखाली आणखी ढग, तळ म्हणून नाहीच. मी आयुष्यात कुणासमोर वाकलो नाही, पण टोपी कधी काढून हातात घेतली, माझं मलाच कळलं नाही.

कुणीतरी विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, आमच्या ताईकडून. तिच्या बाबांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, हत्याराला हात लावण्याआधी कान लावायचा, हे त्यांनी तिला लहानपणी शिकवलं. मी टोपी पुन्हा घातली, पार डोळ्यांपर्यंत.

मग ती म्हणाली, इथूनच परत फिरायचं. मागून एकजण कुरकुरला, अर्ध्यातून परत आणायचे पैसे पूर्ण घेता वाटतं? वाक्य ओळखीचं होतं. तू आठ माणसांना धुक्यातून परत आणलंस, तेव्हा जेवताना मीच ते तुला ऐकवलं होतं, वर हसलोही होतो. तू ताट तसंच ठेवून गेलीस, त्याला अकरा महिने झाले.

पत्र त्यासाठी आहे. मी चुकलो. तू घरी ये. तुझ्या फोनच्या वेळी आई स्पीकर लावते आणि मी शेजारी बसून ऐकतो, पण आता तेवढ्यावर भागत नाही. आणि दुकानात सांगितलेलं नाही ते तुला सांगतो. शिखर मी पाहिलेलंच नाही. परत फिरायला सगळ्यांत आधी मी वळलो.

तुझाच,
बाबा